कितव्या वर्षी सुरू झालं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचं मूळ एकच आहे: विसरण्याचा आजार घराण्यात चालतो का, आणि चालत असेल तर आपण काय करायचं. तिघांच्या परवानगीने, नावं वगळून आणि मजकूर थोडा आटोपता घेऊन ती छापत आहोत.

पत्र पहिलं

"डॉक्टर, माझं वय ५६. आईला ७६व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं, आता ती ८२ वर्षांची आहे. ती गणिताची शिक्षिका होती. गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, 'तुम्ही कुणाच्या?' मोठी मावशीही अशीच विसरत विसरत गेली. आजीबद्दल 'तिला म्हातारचळ लागला होता' एवढंच ऐकून आहे. हल्ली मलाही माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. खोलीत जाते आणि कशाला आले तेच विसरते. थुंकी तपासून जनुकं सांगणारा एक संच माझ्या मुलीने मागवलाय. तीन महिने तो कपाटात तसाच पडून आहे. मुलगी म्हणते, 'कळलेलं बरं.' माझा हात धजत नाही. मला हा आजार होणार का? तो डबा उघडू का?"

उत्तर

'तुम्ही कुणाच्या?' इथपर्यंत वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. माझ्या वडिलांनीही मला एकदा हेच विचारलं होतं. तेव्हा हे उत्तर डॉक्टरचं आहे, तसं मुलीचंही आहे.

डबा आहे तिथेच राहू द्या. आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन पिढ्या मांडा. आजाराची शंका घेऊन येणाऱ्या कुटुंबाला मी 'कुणाकुणाला झालं' हे नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, 'कितव्या वर्षी सुरू झालं?' निदान कधी झालं ते नको. पहिल्यांदा काय खटकलं आणि कुणाला, ते हवं. माझे वडील रोज रात्री वहीत खर्च लिहायचे. निदान झाल्यावर मी जुन्या वह्या काढून पाहिल्या, तर आधीच्या दोन वर्षांपासून एकच खर्च लागोपाठच्या दिवशी दोनदा लिहिलेला सापडत होता. आम्हा कुणालाच पत्ता नव्हता. निदानाच्या वेळी ते ७९ वर्षांचे होते, म्हणजे आजार त्याआधीच, किमान ७७व्या वर्षी तरी, सुरू झालेला होता.

कागदावर आजारी पडलेल्यांइतकीच न पडलेल्यांचीही नावं हवीत. पत्रात आई, मावशी आणि आजी आहेत. मामा किती होते? किती जगले? शेवटपर्यंत तोंडी हिशेब करत होते का? विसरलेल्या माणसांच्या गोष्टी घराण्यात राहतात. नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेला मामा मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही, कारण त्याच्याबाबतीत सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. कागद पुरा झाला की बऱ्याच जणांना कळतं की 'आमच्या घरात सगळ्यांनाच' यातले सगळे म्हणजे अकरापैकी तिघं.

तुमच्या आईचा आजार सत्तरीच्या पुढचा आहे. मावशी आणि आजीचाही तसाच असेल, तर उत्तर असं: तुमचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा काहीसा जास्त आहे, पण आजार तुमच्या कपाळी लिहिलेला नाही. स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाणं याला डिमेन्शिया म्हणतात, आणि अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी डिमेन्शियाचं प्रमाण साधारण दुप्पट होत जातं. त्यामुळे माणसं दीर्घायुषी असलेल्या कुठल्याही मोठ्या घरात तो एक-दोघांना गाठतोच.

आता त्या डब्यातून काय कळेल ते सांगते. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं जनुक असतं. स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारं एक प्रथिन त्यापासून बनतं. मेंदूत साचणारा अमायलॉइड नावाचा गाळ उपसण्याशीही या प्रथिनाचा संबंध आहे. जनुकाचे मुख्य प्रकार तीन, त्यांची नावं दोन, तीन आणि चार. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. बहुतेकांकडे दोन्ही प्रती तीनच्या असतात. चार हा प्रकार असलेल्यांना अल्झायमर जास्त होतो आणि लवकर होतो, हे १९९३ साली ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने दाखवलं. दोन हा प्रकार असलेल्यांना तो कमी होतो, हेही पुढे कळलं.

चारची एक प्रत असेल तर धोका सुमारे तिप्पट, चारच्या दोन प्रती असतील तर आठ ते बारा पट, असं सांगितलं जातं. 'पट' ऐकलं की पोटात गोळा येतो. पण तिप्पट कशाच्या, हे विचारायला हवं. साठीत मूळ धोकाच इतका लहान असतो की त्याची तिप्पटही लहानच राहते. पंच्याऐंशीत तसं म्हणता येत नाही. चारची एक प्रत असलेली पुष्कळ माणसं शेवटपर्यंत शाबूत राहतात आणि अल्झायमर झालेल्या कितीतरी रुग्णांकडे चार मुळीच नसतो. चारच्या दोन प्रती असतील तर मात्र मी धीर द्यायचा म्हणून काही सौम्य करून सांगणार नाही. २०२४ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात, अशा जवळजवळ सगळ्यांच्या शरीरात पासष्टीपर्यंत आजाराच्या खुणा दिसू लागलेल्या आढळल्या. खुणा दिसणं म्हणजे विसरायला लागणं नव्हे, पण ती गोष्ट क्षुल्लकही नाही. अशा व्यक्ती शंभरात दोन-तीनच असतात.

हे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांकडून आलेले आहेत. नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये चार हा प्रकार काही विरळा नाही, तरी तिथे त्याने धोका फारसा वाढलेला दिसला नाही आणि डिमेन्शियाचं प्रमाणही कमी आढळलं. जनुक तेच, पण माणसं आणि त्यांचं जगणं बदललं की परिणाम बदलला. मला तरी या साऱ्या विषयात यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वाटत नाही.

स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून अल्झायमर ५८ ते ७९ टक्के आनुवंशिक असल्याचा अंदाज २००६ साली निघाला. हा आकडा वाचून माझ्याकडे धावत आलेले लोक आहेत. तुम्हाला आजार होण्याची शक्यता ७९ टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एका लोकसमूहात काहींना आजार होतो आणि काहींना होत नाही, त्या फरकाचा किती भाग जनुकांमधल्या फरकाने समजतो, एवढंच तो सांगतो. एकट्या माणसाबद्दल तो मुका आहे.

मग चाचणी करायची की नाही? माझं मत सांगते, आणि ते मत आहे हे लक्षात असू द्या. आजाराची लक्षणं नसलेल्या माणसाने केवळ भीतीपोटी ही चाचणी करू नये. एपीओईमध्ये चार निघाला तरी मी तुम्हाला रक्तदाब सांभाळा, साखर सांभाळा, चाला, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, असंच सांगणार. नाही निघाला तरी हेच सांगणार. ब्रिटनमधल्या साठीपुढच्या सुमारे दोन लाख लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांनुसार ज्यांचा धोका जास्त होता त्यांच्यातही, चांगल्या सवयी असलेल्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण वाईट सवयी असलेल्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतं. सवयींमुळेच ते कमी झालं असं अशा अभ्यासातून ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या सवयी लावून घेण्यात नुकसान काहीच नाही.

शिवाय कळण्याचाही एक परिणाम असतो. तो मी स्वतःच्या चुकीतून शिकले. वीसेक वर्षांपूर्वी एका बाईंच्या आईला तपासल्यावर, त्या दारातून बाहेर पडत असताना मी सहज म्हणाले, "घरात आहे तेव्हा तुम्हीही जपा." दोन वर्षांनी त्या परत आल्या. त्यांनी नोकरी सोडली होती. आकड्यांचं काम आपल्याकडून चुकेल या धास्तीने. तपासणीत त्यांची स्मरणशक्ती उत्तम निघाली. माझ्या एका वाक्याने त्यांची दोन वर्षं खाल्ली होती. पुढे २०१४ मध्ये एक अभ्यास वाचला आणि त्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. आपल्याकडे चार आहे हे ठाऊक असलेल्या वृद्धांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले आणि स्मरणाच्या चाचणीत त्यांची कामगिरीही खालावली. चार असूनही ज्यांना ते ठाऊक नव्हतं, त्यांचं तसं झालं नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. आई किंवा वडिलांना अल्झायमर असलेल्या १६२ जणांचा एक अमेरिकी अभ्यास २००९ साली आला. नीट समुपदेशन करून निकाल सांगितला तर लोक खचत नाहीत, असं त्यात दिसलं. त्या लोकांशी आधी कुणीतरी शांतपणे बोललं होतं. डबा तुमच्याशी बोलणार नाही. निकाल रात्री अकरा वाजता फोनवर येईल आणि समोर कुणी नसेल.

न कळण्याचा हक्क हा भित्रेपणा नव्हे. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा सारा जनुकीय आराखडा जगापुढे ठेवला, पण एपीओईचा भाग वगळायला सांगितला. त्यांच्या एका आजीला अल्झायमर होता. तेवढाच भाग झाकूनही भागलं नाही, कारण शेजारच्या भागावरून तो ओळखता येतो असं इतर शास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिलं. मग आजूबाजूचाही मोठा पट्टा झाकावा लागला.

कुटुंबात हेच होतं. एकाचा निकाल दुसऱ्याबद्दल बोलतो. माझ्या धाकट्या भावाने चाचणी केली. सांगण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं, "ताई, तुला ऐकायचंय का?" मी एक आठवडा मागून घेतला आणि मग हो म्हटलं. त्याच्याकडे चारची एक प्रत आहे, म्हणजे आमच्या आईवडिलांपैकी निदान एकाकडे ती होती. मी स्वतः चाचणी केलेली नाही. मी रक्तदाबाची गोळी घेते, ६१व्या वर्षी कानाला यंत्र लावलं, आणि निकालाने यातलं काहीही बदलणार नाही. भाऊ म्हणतो, कळल्यापासून तो न चुकता चालायला जातो. त्याच्यासाठी ते बरोबर ठरलं.

एका प्रसंगी मात्र ही चाचणी डॉक्टर स्वतः करायला सांगतात. सुरुवातीच्या अल्झायमरसाठी अमायलॉइड काढणारी औषधं २०२३ पासून निघाली आहेत, लेकानेमॅब आणि त्यानंतर डोनानेमॅब. चारच्या दोन प्रती असलेल्यांच्या मेंदूला या औषधांमुळे सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका बराच जास्त असतो. तिथे निकालावर निर्णय ठरतो, म्हणून तिथे चाचणी हवी.

तुमच्या स्वतःच्या विसरण्याबद्दल. नाव आत्ता आठवत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप आठवतं, खोलीत आल्याचं कारण परत मागे गेल्यावर आठवतं, आणि या सगळ्याची चिंता घरच्यांपेक्षा तुम्हालाच जास्त आहे. हे सहसा त्या आजाराचं लक्षण नसतं. तरी एकदा तपासून घ्या: थायरॉइड, बी-१२, झोप, चालू असलेली औषधं, मनावरचा ताण. रजोनिवृत्तीच्या काळात बऱ्याच जणींना असं होतं. आणि आईचं करता करता तुम्ही रात्री किती तास झोपता, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. तो डबा मुलीने मागवलाय. तुमच्या दोन प्रतींपैकी एक तिच्याकडे गेलेली आहे. तिला शांतपणे विचारा, "तुला माझ्याबद्दल कळायला हवंय, की तुझ्याबद्दल?" तिचीही भीती असेल तर ती आधी बोलून टाकू द्या.

पत्र दुसरं

"मी ३५ वर्षांचा आहे. वडील लेथवर काम करायचे. ४६व्या वर्षी त्यांची मापं चुकायला लागली, आता ५२व्या वर्षी त्यांना घरातली खोली सापडत नाही. आत्यालाही ४७ला सुरू झालं. आजोबा पन्नाशीच्या आत 'वेड लागून' गेले असं सांगतात. आम्ही दोघं मुलाचा विचार करतोय. बायको म्हणते, आधी तपासणी कर. धाकट्या बहिणीला यातलं काहीच ऐकायचं नाही."

उत्तर

तुमच्या पत्रात वयं अचूक आहेत, आणि म्हणूनच वरच्या पत्राला दिलेलं उत्तर तुम्हाला लागू नाही. दोन पिढ्यांत तिघं, आणि सुरुवात चाळिशीत. इथे जनुकांची तपासणी टाळा असं मी म्हणणार नाही. घाईने करू नका असं म्हणेन.

अल्झायमरच्या रुग्णांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जणांचा आजार थेट एका जनुकातल्या बदलाने होतो. अशी तीन जनुकं ठाऊक आहेत: एकविसाव्या गुणसूत्रावरचं एपीपी, चौदाव्यावरचं प्रेसेनिलिन-एक आणि पहिल्यावरचं प्रेसेनिलिन-दोन. एपीपी ज्याची कृती देतं त्या प्रथिनाचे तुकडे करणारी कात्री प्रेसेनिलिनमुळे चालते. कात्री चुकीच्या जागी चालली की चिकट तुकडे जास्त बनतात. असा बदल आई किंवा वडिलांमध्ये असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. मिळाला, तर आजार बहुधा आई-वडिलांना झाला त्याच वयाच्या आसपास येतो. ज्याला मिळाला नाही त्याच्या मुलांकडेही तो जात नाही.

पण तपासणी तुमच्यापासून सुरू करायची नाही. ती वडिलांपासून सुरू होते. त्यांच्या रक्तात नेमका बदल सापडला, तरच तुमच्यात तो आहे की नाही हे खात्रीने सांगता येतं. वडिलांना न तपासता तुमचा निकाल 'काही आढळलं नाही' असा आला, तर त्यावरून निर्धास्त होता येणार नाही. या वयातली लक्षणं दुसऱ्या आजारांचीही असू शकतात, उदाहरणार्थ फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया किंवा हंटिंग्टन. त्यांची जनुकं वेगळी. म्हणून मज्जाविकारतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक दोघंही हवेत. घरपोच येणारे संच इथे उपयोगाचे नाहीत. त्यांतले बरेचसे फक्त एपीओई बघतात.

वडील आता स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसतील. त्यांच्या वतीने कोण निर्णय घेणार हे आईशी बसून ठरवा. त्यांचा रक्ताचा नमुना जपून ठेवता येतो. पुढे लागला तर तो असेल.

कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतात प्रेसेनिलिन-एकमधल्या एकाच बदलाने गाठलेलं हजारोंचं एक कुळ आहे. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला. चव्वेचाळीसच्या आसपास विसरायला सुरुवात, पन्नाशीला डिमेन्शिया, असं तिथलं ठरलेलं चक्र. पण त्या कुळातल्या एका बाईंना तोच बदल असूनही सत्तरी येईपर्यंत काही झालं नाही. मेंदू अमायलॉइडने भरलेला होता, तरी त्या शाबूत होत्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यामागचं एक संभाव्य कारण आलं: त्यांच्या एपीओईच्या दोन्ही प्रतींमध्ये ख्राइस्टचर्च नावाचा एक विरळा बदल होता. या धाग्यावरून औषधं शोधण्याचं काम चालू आहे. तुमच्या घराच्या हाती आज त्यातलं काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगितलं, कारण 'निम्मी शक्यता' ऐकल्यावर माणसाला पुढचं काही ऐकूच येत नाही आणि मला तुम्हाला तिथेच सोडायचं नव्हतं.

मुलाबद्दल: बदल सापडला तर तो नसलेला गर्भ निवडून गर्भधारणा करण्याची वैद्यकीय सोय आहे. काही ठिकाणी होणाऱ्या आई-वडिलांना स्वतःचा निकाल न सांगताही ती करता येते. हे समुपदेशकाला आवर्जून विचारा. विम्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा तुमच्याकडे काय आहे ते तपासणीआधीच समजून घ्या.

बहिणीला नको असेल तर नको. तुमचा निकाल तुमच्या बोलण्यातून तिच्या कानावर जाणार नाही एवढं सांभाळा. तिचा विचार बदलला तर दार उघडं आहे, हे तिला एकदा सांगा. रोज नको.

पत्र तिसरं

"वय ७१. आमच्या घरात आई, वडील, आजोबा कुणालाच हा आजार नव्हता. म्हणजे मला काळजी नाही ना? बायको म्हणते मी टीव्ही फार मोठ्याने लावतो, पण त्याचा याच्याशी काय संबंध?"

उत्तर

तुम्हालाही तोच प्रश्न: ते किती वर्षं जगले? आजोबा ५८ला गेले आणि वडील ६३ला, तर त्यांना आजार नव्हता असं म्हणता येत नाही. तो यायचं वयच आलं नव्हतं. घरात कुणालाही नसताना अल्झायमर झालेली माणसं मी दर आठवड्याला बघते.

टीव्हीचा संबंध आहे, आणि थेट आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. चाळिशीपासून पुढे कमी ऐकू येणं आणि कोलेस्टेरॉल वाढणं, ही त्यातली सगळ्यात वजनदार दोन. ऐकू आलं नाही की माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो, एकटा पडतो, आणि मेंदूचा रोजचा व्यायाम बंद होतो.

याच महिन्यात कान तपासून घ्या. जाताना पत्नीला बरोबर न्या, कारण तुम्हाला काय ऐकू येत नाही हे त्या तुमच्यापेक्षा नेमकं सांगतील. यंत्र लावायला सांगितलं तर पहिले काही आठवडे सगळं कर्कश वाटेल. तेवढ्यावरून ते काढून ठेवू नका.